जातीच्या रकान्यातली रेघ

माझी मुलगी आमदार आहे. तिला मी आजवर एकदाही मत दिलेलं नाही.

हे मी कुणापुढं बोललो की माणसं हसतात. म्हातारा गंमत करतोय, असं त्यांना वाटतं. गंमत नाही. ती ग्रामपंचायतीला उभी राहिली तेव्हा दिलं नाही, पंचायत समितीला पडली तेव्हा दिलं नाही, जिल्हा परिषदेला निवडून आली तेव्हाही नाही. कारण एकच. आमच्या गावात मतदान शाळेत होतं, आणि त्या शाळेत पाऊल टाकायचं नाही अशी माझी आण होती. सात वर्षांचा असताना घेतलेली. लहानपणीची आण म्हातारपणापर्यंत कोण पाळतं? मी पाळली.

मी दुसरी सोडलेला माणूस आहे. नापास झालेला नव्हे, सोडलेला. हा फरक ज्याला कळत नाही त्याला पुढचं कळणार नाही. लिहायला-वाचायला मी नंतर शिकलो, वर्तमानपत्रावर, पंचायतीच्या नोटिसांवर, आणि शेवटी मुलीच्या वह्यांवर. अक्षर वेडंवाकडं आहे, पण माझं आहे.

आमचं गाव इंदापूर तालुक्यात, नीरेच्या काठाला. शाळा तेव्हा एक खोली आणि पुढं पडवी अशी होती. मी पडवीत बसायचो, पोरांच्या चपलांशेजारी. फळा दिसायचा अर्धा. स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली असतील, एके दिवशी तपासणीला साहेब आले. मास्तरांनी एकेका पोराला उभं करून नाव आणि जात सांगायला लावली. खोलीतली पोरं घडाघडा सांगत गेली. माझी पाळी आली तेव्हा मी नाव सांगितलं आणि थांबलो.

"जात?" मास्तर म्हणाले.

त्या दिवशी सकाळी आईनं माझा सदरा नदीवर धुऊन आणला होता, अजून कोपराला ओलसर होता. त्या धुतलेल्या सदऱ्यात तो शब्द तोंडातून बाहेर येईना, एवढंच. स्वाभिमान वगैरे शब्द तेव्हा मला ठाऊक नव्हते. मास्तरांनी निरगुडीची छडी घेतली. पाच-सहा बसल्या. साहेब खिडकीबाहेर बघत होते. मग मी पाटी वर्गाच्या उंबऱ्यावर ठेवली आणि घरी आलो. आईला म्हणालो, परत त्या शाळंत पाय ठेवणार न्हाय.

पुढं मी तेरा-चौदा वर्षांचा असताना आमच्या वस्तीनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. बापानं देव्हाऱ्यातले टाक टोपलीत भरले, नीरेवर नेले, कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून सोडून दिले. वर आल्यावर ओल्या धोतरानं म्हणाला, "आजपास्नं आपन बौद्ध. मागचा शबुद कुणी ईचारला तरी तोंडातनं काढायचा न्हाय." मी तर तो आधीपासूनच काढत नव्हतो. मला वाटलं, बापानं माझीच आण मोठी करून सगळ्या घरावर घातली.

एवढं सांगायचं कारण पुढं येतं.

मुलगी सहा वर्षांची झाली तेव्हा तिला शाळेत घालायची वेळ आली. आण माझी होती, तिची नव्हती. तिला घेऊन गेलो आणि फाटकाबाहेर लिंबाखाली उभा राहिलो. आत निरोप धाडला. तेव्हाचे मास्तर बिचारे सज्जन, रजिस्टर काखेत घालून फाटकापर्यंत आले. गुडघ्यावर रजिस्टर ठेवून लिहू लागले. नाव झालं, जन्मतारीख झाली. आमच्या गावातली निम्मी माणसं एक जूनला जन्मलेली आहेत, तशी तीही.

"धर्म?"

"बौद्ध."

"जात?"

"न्हाय."

"तात्या, रकाना हाय तो. कायतरी लिव्हावं लागतं."

"मग आडवी रेघ वढा."

मास्तरांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि ओढली रेघ. शाईची, जाड. त्या रेघेचा मला जन्मभर अभिमान वाटला. जयंतीच्या भाषणात, लग्नाच्या मांडवात, कुणी विचारो न विचारो, मी सांगायचो, माझ्या लेकीच्या दाखल्यावर जातीच्या जागी रेघ हाय रेघ. टाळ्या पडायच्या.

मुलगी शिकली, बारामतीला कॉलेजात गेली. मग गावातल्या दूध डेअरीवर लिहायला लागली. लग्न झालं, जावई बारामतीच्या एमआयडीसीत नोकरीला. माझी बायको गेल्यावर दोघं माझ्याकडंच राहायला आले, तेव्हा मतदारयादीत तिचं नाव आमच्याच गावचं. डेअरीवर सकाळ-संध्याकाळ अख्खं गाव यायचं. कुणाच्या दुधात पाणी किती ते तिला मापावर कळायचं, आणि तिनं ते कधी चारचौघांत काढलं नाही. बाजूला घेऊन सांगायची. पहिल्या निवडणुकीत खुल्या महिला जागेवर तिला मतं पडली ती बहुतेक यामुळंच.

सरपंचपद बाईला राखीव होतं. दोन गटांचं भांडण जुंपलं आणि दोघांना परवडणारी म्हणून हिला बसवलं. वाटलं असेल, दुधाची वही लिहिणारी पोरगी, सांगू तिथं सही करील. पहिल्याच सव्वीस जानेवारीला झेंडा वर करायची वेळ आली. मी शाळेच्या कंपाउंडच्या बाहेर, रस्त्यापलीकडं बाभळीपाशी उभा. उपसरपंच माईकवरच बोलले, "ताईला दोरी जमल का न्हाय, मी वढतो, त्या नुस्ता हात लावतील."

ती म्हणाली, "धा वरसं आडाचा पोहरा वढलाय भाऊ. दोरी माझ्या हाताला वळखती. तुमी टोपी सांबाळा, झेंडा वर बघताना पडंल."

पोरं हसली, बायका हसल्या. झेंडा वर गेला. मी बाहेरूनच हात कपाळाला लावला. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "आबा, आत आला असता तर काय झालं असतं?" मी टोपी खुंटीला लावली. मतदानाच्या दिवशीही तिचा हाच प्रश्न होता. त्या वेळी आठ दिवस ती माझ्याशी बोलली नव्हती.

नंतर ती पंचायत समितीला पडली, थोडक्यात. त्यानंतरच्या वेळी जिल्हा परिषदेची सोडत निघाली आणि आमचा गट अनुसूचित जातीच्या महिलेला राखीव झाला. पक्षाची माणसं गाड्या घेऊन दारात. जातीचा दाखला लागणार होता. तो तिनं स्वतःच्या प्रतिज्ञापत्रावर आणि तलाठ्याच्या पंचनाम्यावर प्रांत कचेरीतून मिळवला. त्यात मी पडलो नाही, तिनंही मला ओढलं नाही. ती निवडून आली. गुलाल माझ्या टोपीवर चार दिवस होता.

पण राखीव जागेवर निवडून आलेल्याला जात पडताळणीचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. मुदत सहा महिन्यांची. नाही दिलं तर पद आपोआप जातं, निवडणूक पुन्हा. पडलेल्या बाजूनं हे ओळखलं. त्यांनी पडताळणी समितीकडं अर्ज टाकला, की या बाईच्या शाळेच्या नोंदीत जातीच्या रकान्यात काहीच नाही, वडिलांचा पुरावा नाही, ही नेमकी कुठल्या जातीची याची खात्री होत नाही.

मी तो अर्ज तीनदा वाचला. सही करणाऱ्यांत आमच्याच गावचा एक होता. त्याच्या आजानं माझ्या बापाला नावानं कधी हाक मारली नाही, लांबून जातीनंच हाक मारायचा. त्याचा नातू आता कागदावर लिहून देत होता, की यांची जात आम्हास ठाऊक नाही.

पुरावा शोधायला ती महिनाभर फिरली. गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या वहीतली आमची पानं वाळवीनं खाल्लेली. वतनाच्या जमिनीवर सगळ्या भावकीचं मिळून एक नाव, त्यात माझा बाप कुठं सापडेना. बाप शाळेत गेलेलाच नव्हता. मला भाऊ नाही. राहिलो मी, आणि माझी दुसरीपर्यंतची नोंद.

ती नोंद काढायच्या आधीच पडताळणी समितीच्या दक्षता पथकाचे साहेब चौकशीला घरी आले. जीप दारात, शेजारपाजार जमा. साहेब शांत माणूस, एकेक प्रश्न विचारून लिहीत होता.

"तुमचं कुलदैवत कोणतं, आजोबा?"

"नीरंत."

"म्हणजे?"

"नीरंत सोडलं. बापानं."

"बरं. धर्म बदलायच्या आधीची जात?"

"आमी बौद्ध."

"ते लिहिलं. त्याच्या आधीची?"

"त्येच्या आधी माझं वय न्हवतं सांगायचं, आन् आता सांगायची गरज न्हाय."

मुलगी दाराशी उभी होती. तिनं मला डोळ्यांनी खुणावलं. मी बघून न बघितल्यासारखं केलं. साहेबांनी दोन ओळी लिहिल्या आणि वही मिटली. शेजाऱ्यांना विचारलं तर जो तो म्हणाला, "आमाला न्हाय बा म्हायती. ती लोकं बौद्ध म्हनत्यात." माझ्या पाठीशी उभं राहतोय असं मला तेव्हा वाटलं होतं. इतका मी खुळा.

तीन आठवड्यांनी समितीचा कागद आला. मुलीनं ओट्यावर उभं राहून मोठ्यानं वाचला, मला ऐकू जाईल असा.

"अर्जदाराच्या वडिलांनी मूळ जात सांगण्यास नकार दिला. सबब जातीचा दावा संशयास्पद." तिनं कागद खाली केला. "आबा, संशयास्पद. सुनावनी येत्या गुरुवारी. मुदत सपायला त्येच्यानंतर धा दिस."

मी विडी पेटवली.

"शाळंत तुमची नोंद हाय," ती म्हणाली. "बाईंनी रजिस्टर काढून ठिवलंय. पन ज्येची नोंद त्येनंच यायचं, आधार कार्ड घिऊन, सही करून उतारा न्यायचा."

"रजिस्टर फाटकाशी आनायला सांग. तुज्या वेळंला मास्तर आलं हुतं."

"आता न्हाय आनता येत भाईर. नियम हाय."

"मग ऱ्हाऊ दे."

तिनं जावयाकडं बघितलं. तो उठून गोठ्याकडं गेला. आमच्या दोघांच्या मध्ये तो कधी पडत नाही.

"ऱ्हाऊ दे?" ती म्हणाली. "कॅनॉलच्या शेवटच्या वस्तीला पानी आनायला मी चार महिनं पाटबंधारेच्या दारात बसले, ते ऱ्हाऊ दे? दलित वस्तीचा रस्ता मंजूर झालाय, त्येच्यावर माझी सही व्हायची ऱ्हायलीय, ती ऱ्हाऊ दे? उद्या माझं पद गेलं तर तालुक्यात काय म्हनतील ठावं हाय? खोटी जात लावून आली हुती. खोटी! आन् तुमी हितं बसून विडी वढा."

"माझ्या बापाची आण हाय."

"तुमच्या बापानं आण घातली ती मान खाली घालायला लागू नये म्हनून. माझी मान खाली जायची येळ आली, तवा ती आण काय कामाची?"

"रेघ वढली ती मी मान वर ठिवायला वढली."

मग ती एकदम हळू झाली. ती ओरडते तेव्हा मला भीती वाटत नाही, हळू झाली की वाटते.

"आबा," ती म्हणाली, "रेघ तुमची हुती, पन तुमी ती माझ्या रकान्यात वढली."

त्यानंतर दोन दिवस गेले. इंदापूरच्या बाजारात गेलो तर चहाच्या टपरीवर विरोधी गटातला एक जण मोठ्यानं म्हणाला, "तात्या, सापडली का जात? का अजून शोधताय?" सगळी टपरी हसली. मी चहा न पिता उठलो. एसटीनं घरी येताना त्या हसण्यातलं मला काही आठवत नव्हतं. 'माझ्या रकान्यात वढली', एवढंच आठवत होतं. ती म्हणाली ते खरं होतं. माझ्या रकान्यात मास्तरांनी लिहायचं ते लिहून टाकलं होतं, ते मला कधी पुसता आलं नव्हतं. म्हणून मी तिचा रकाना धरला.

मंगळवारी सकाळी मी धुतलेला सदरा घातला. मुलगी गाडी काढून उभी होती, तिला कुणी सांगितलं कोण जाणे.

शाळा आता दुमजली झाली आहे, पण जुनी खोली पडवीसकट तशीच ठेवली आहे. फाटकाशी मी थांबलो. किती वेळ थांबलो ते माहीत नाही. मुलीनं हात धरला नाही, घाईही केली नाही. गाडीला टेकून फोनवर कुणाला तरी पाण्याच्या टँकरचं सांगत राहिली. तिनं हात धरला असता तर मी परत फिरलो असतो, हे तिला माहीत होतं. मी इकडंतिकडं न बघता पडवीवरून सरळ आत गेलो, पायताण न काढता.

मुख्याध्यापिका बारामतीहून रोज स्कूटरवर येणारी बाई. तिनं खुर्ची दिली. लाल फडक्यात बांधलेलं रजिस्टर सोडलं, पानं पिवळी, कडा झडलेल्या. बोट फिरवत फिरवत थांबली. "हे बघा आजोबा, तुम्हीच ना?"

मीच. नाव मास्तर हाक मारायचे तसंच लिहिलेलं, तोडून, शेवटी 'या' लावून. बापाचं नावही तसंच. जन्मतारीख एक जून. आणि जातीच्या रकान्यात तो शब्द. मी तो वाचला. ते मला वाचता आलं, कारण आधीपासून तयारी करून आलो होतो. पण माझी नजर पुढं सरकली. शेवटचा रकाना होता, शाळा सोडल्याचं कारण. तिथं लिहिलं होतं, 'सतत गैरहजर.'

"ह्ये कुणी लिव्हलं?"

"त्या वेळच्या गुरुजींनी असेल."

"मी एक दिस गैरहजर न्हवतो. ताप आला तरी जायचो."

"आजोबा, जुनी नोंद आहे ती."

"खोटी हाय. खोडा आन् खरं लिव्हा. मारलं म्हनून सोडली, आसं लिव्हा."

"जुन्या नोंदीत काडीचाही बदल करता येत नाही मला. माझी नोकरी जाईल."

"मग मी ह्येच्यावर सही करत न्हाय. ह्यो कागद मला खोटं पाडतो."

मुलगी दारात आलेली होती. तिनं सगळं ऐकलं. बाईंना साडेअकराला तालुक्याला मीटिंगला जायचं होतं, त्यांनी घड्याळाकडं बघितलं. परवा सुनावणी. मी मुलीकडं बघितलं. मला वाटलं आता ओरडेल. ती बाईंना म्हणाली, "म्याडम, रजिस्टरला हात लावायला नको. पन उतारा मिळाल्याची पोच असती ना, त्येच्यावर सहीच्या बाजूला कुणी काय लिव्हलं तर?"

बाईंनी विचार केला. "पोचेवर... त्याला नियम नाही काही."

"आबा, लिव्हता?"

मी पेन घेतलं. पोचेच्या खाली जागा थोडी होती. मी लिहिलं, 'नोंद वाचली. मी गैरहजर नव्हतो. कारण खोटं आहे.' आणि खाली माझं पूर्ण नाव, 'या' न लावता. लिहायला मला वेळ लागतो. बाई मीटिंगचं विसरून बघत बसल्या होत्या. त्यांनी उताऱ्याला शिक्का मारला आणि पोचेची झेरॉक्स त्याला जोडली, का ते मला तेव्हा कळलं नाही.

गुरुवारी पहाटे निघालो. काटेवाडीच्या पुढं उसाचे ट्रॅक्टर रस्ता अडवून, दोन दोन ट्रॉल्या डुलत चाललेल्या. मुलगी हॉर्न वाजवीत होती आणि दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होती. पुण्याला पोचलो ते थेट समितीच्या कचेरीत.

समितीच्या खोलीत तीन जण, मधे अध्यक्ष बाई. समोर तक्रारदाराचे वकील, काळा कोट, फाईल जाड. त्यांनी आमचा उतारा हातात घेतला आणि हसले.

"मॅडम, नोंद जुन्या काळातली आहे, कबूल. पण या नोंदीतला मुलगा आणि हे गृहस्थ एकच कशावरून? नाव वेगळं, वडिलांचं नाव वेगळं. आधार कार्डावर काही वेगळंच. जन्मतारीख एक जून, ती निम्म्या महाराष्ट्राची आहे. शिवाय चौकशीत यांनीच जात सांगायला नकार दिला. ज्याला स्वतःची जात सांगता येत नाही—"

"येती," मी म्हणालो.

"तुमचा नंबर येईल," वकील म्हणाले.

अध्यक्ष बाई कागद उलटत होत्या. उताऱ्याखाली जोडलेली पोच त्यांच्या हाताला लागली. त्यांनी ती वाचली, परत वाचली. शेजारच्या साहेबांना दाखवली.

"हे कुणी लिहिलंय?"

"मी."

"गैरहजर नव्हतो म्हणता. इतक्या वर्षांनी कशाला भांडताय या नोंदीशी?"

"खोटं हाय म्हनून."

"मग खरं कारण काय होतं?"

मी सांगितलं. पडवी, चपला, अर्धा फळा, तपासणीचे साहेब, निरगुडीची छडी, उंबऱ्यावर ठेवलेली पाटी. वकिलांनी मधे बोलायचा प्रयत्न केला, बाईंनी हात केला. मी बापाचं नीरेतलं सांगितलं. फाटकाशी ओढलेल्या रेघेचंही सांगितलं, ती माझ्या सांगण्यावरून ओढली हे स्पष्ट सांगितलं, मुलीचा त्यात दोष नाही.

बाई म्हणाल्या, "त्या दिवशी मास्तरांनी विचारलं आणि तुम्ही सांगितलं नाही. काय सांगायचं होतं तुम्हाला? मला कागदावर तुमच्या तोंडचं घ्यावं लागेल."

खोलीत पंखा फिरत होता. मुलगी माझ्या उजव्या हाताला बसली होती. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, समोरच्या टेबलाकडं बघत होती आणि अंगठ्यानं पिशवीचा बंद घट्ट पिळत होती. लहानपणी पेपर अवघड गेला की ती असंच करायची.

"महार," मी म्हणालो. "माझ्या बापाची जात महार. माझी त्यानं नीरंत सोडली. लेकीला मी ती दिली न्हाय. आता तुमी मागताय म्हनून कागदाला देतो."

बाईंनी लिहून घेतलं. वकिलांनी विचारलं, की नोंदीतला मुलगा हाच, याला पुरावा काय? बाई त्यांच्याकडं न बघता म्हणाल्या, "वकीलसाहेब, दुसऱ्याच्या गैरहजेरीवरून इतकी वर्षं कोण भांडतं?" पण निकाल त्यांनी दिला नाही. कळवू म्हणाल्या.

बाहेर आल्यावर तोंड कडू झालं होतं. आवारातल्या नळावर मी चूळ भरली, एकदा, दोनदा, तीनदा. मुलगी बघत होती.

मग ते दहा दिवस. रोज पोस्टमनची वाट, रोज तिचा फोन वाजला की माझा घास थांबायचा. विरोधी गटानं पोटनिवडणुकीचा उमेदवारसुद्धा ठरवला, असं कानावर आलं. आठवा दिवस गेला. नवव्या दिवशी दुपारी ती स्वतः पुण्याला गेली आणि दिवेलागणीला परत आली. पिशवीतून प्रमाणपत्र काढून माझ्यापुढं ठेवलं. मी ते वाचलं नाही, वर काय लिहिलं असणार ते मला ठाऊक होतं. ती म्हणाली, "आबा, च्या टाकू का?" मी म्हणालो, "टाक."

जिल्हा परिषदेत तिनं पूर्ण पाच वर्षं काढली. वस्तीचा रस्ता झाला. तिचं बोलणं पक्षातल्या मोठ्यांच्या कानावर गेलं आणि विधानसभेला तिला तिकीट मिळालं, पण आमच्याकडं नाही. इंदापूर-बारामतीच्या जागा खुल्या, तिथं मोठी माणसं रांगेत. तिला शेजारच्या जिल्ह्यातला राखीव मतदारसंघ दिला. तिथं तिचं नातं ना गोतं. दोन महिने ती तिकडंच. उमेदवारीच्या प्रत्येक अर्जाला तेच जातीचं प्रमाणपत्र जोडलेलं.

मतदानाच्या दिवशी मी सकाळी सातलाच निघालो. धुतलेला सदरा घातला. फाटकातून आत गेलो, पडवीवर चढलो. आमचं बूथ त्याच जुन्या वर्गात होतं. रांगेतला एक जण म्हणाला, "तात्या, तुमी? हितं?" मी म्हणालो, "का, मतदार न्हाय का मी?"

बोटाला शाई लागली. पुठ्ठ्याच्या आडोशामागं मशीनवरची सगळी नावं वरून खाली वाचली. ठाऊक होतं तरी वाचली. तिचं नाव त्यात नव्हतं, असणार नव्हतं. पोलिंगचा माणूस म्हणाला, "आजोबा, दाबा लवकर, मागं लाइन आहे." दाबलं. कुणाचं ते सांगत नाही.

घरी येऊन बसलो तोच तिचा फोन. मागं माणसांचा गलका.

"आबा, मतदान झालं?"

"झालं."

"आत जाऊन?"

"मग काय मशीन भाईर आनत्यात व्हय?"

तिनं तिकडं कुणाला तरी थांबायला सांगितलं. मग म्हणाली, "बरं केलं. ठिवते मी, हिकडं दोन बुथांवर टक्का लई कमी हाय."